बेल्जियन, स्कॉट, जर्मन: देशोदेशीच्या थट्टेचं यंत्र आतून कसं चालतं

प्रश्न असा आहे: देशोदेशीचे लोक एकमेकांवर ठरावीक विनोद करतात. जर्मन शिस्तीचा, स्कॉट चिक्कू, फ्रेंच शिष्ट, इटालियन गोंधळी. हे साचे येतात कुठून, त्यांत तथ्य किती, आणि सात-आठ देशांची माणसं समोर बसलेली असताना असे विनोद करायचेच झाले, तर ते अंगाशी न येता कसे करायचे?

तांब्याच्या तारेपासून सुरुवात करू. तांब्याची तार कशी जन्माला आली? दोन स्कॉट माणसांना रस्त्यात एकच पेनी सापडली आणि दोघांपैकी कुणीच ती सोडेना. बेल्जियममध्ये हाच विनोद डच लोकांवर सांगतात, फक्त पेनीचा सेंट होतो. बाकी शब्दही बदलत नाही. म्हणजे हा विनोद सांगायला स्कॉटलंडची किंवा नेदरलँड्सची कसलीही माहिती लागत नाही. लागते ती 'चिक्कू' अशी पाटी लावलेली एक रिकामी खुर्ची आणि तिच्यात बसवायला हाताशी असलेला एक शेजारी. डच मंडळीही गप्प बसत नाहीत. त्यांच्याकडे बेल्जियन लोकांसाठी 'मठ्ठ' पाटीची खुर्ची तयार असते.

या दोन खुर्च्या जवळपास सगळ्या जगात सापडतात. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ क्रिस्टी डेव्हिस यांनी कित्येक दशकं देशोदेशीचे असे विनोद गोळा करून त्यांची जुळवाजुळव केली. मठ्ठपणाचे विनोद इंग्रज आयरिश लोकांवर करतात, फ्रेंच बेल्जियन लोकांवर, अमेरिकन पोलिश लोकांवर, कॅनडातले न्यूफाउंडलंडच्या लोकांवर, रशियन ईशान्य सायबेरियातल्या चुकची लोकांवर, जर्मन आपल्याच किनाऱ्यावरच्या पूर्व फ्रिझिया भागातल्या लोकांवर, ग्रीक काळ्या समुद्राकाठच्या पोंटसकडून आलेल्या ग्रीकांवर आणि ब्राझीलचे लोक पोर्तुगीजांवर. चिक्कूपणाच्या खुर्चीत स्कॉट आहेत, इटलीत जिनोआचे लोक, स्पेनमध्ये कातालान, मेक्सिकोत माँटेरेचे आणि बल्गेरियात गाब्रोवो या गावाचे.

यादी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. मठ्ठ ठरवलेला माणूस फार लांबचा कधीच नसतो. तो सांगणाऱ्यासारखाच असतो, पण काठावरचा: सरहद्दीपलीकडचा, आडगावातला, तीच भाषा जरा वेगळ्या हेलात बोलणारा किंवा नुकताच येऊन हलक्या कामाला लागलेला. फ्रेंच माणूस मंगोलियातल्या लोकांच्या मठ्ठपणावर विनोद करत नाही, कारण मंगोलिया त्याच्या उंबरठ्यापाशी नाही. दुरून डोंगर साजरे. लांबच्या देशाबद्दल लोकांना गूढ वाटतं, आकर्षण वाटतं, कधी भीती वाटते. थट्टा मात्र शेजाऱ्याचीच होते. ब्राझीलचं उदाहरण उलटं वाटेल, कारण तिथे एकेकाळी राज्य करणाऱ्या पोर्तुगालचीच टिंगल होते. पण हे विनोद राज्यकर्त्यांवर नाहीत. नंतरच्या काळात गरिबीमुळे ब्राझीलला आलेल्या, बेकरी आणि किराणा दुकान चालवणाऱ्या पोर्तुगीजांवर ते बेतलेले आहेत. स्वीडन आणि नॉर्वे यांच्यात काठावर कोण हे ठरतच नाही, म्हणून तेच विनोद दोन्ही बाजूंनी नावं फिरवून सांगितले जातात.

म्हणून असा कुठलाही विनोद कानावर आला की तो ज्याच्यावर आहे त्या देशाचा अभ्यास करत बसू नये. सांगणारा आणि ज्याच्यावर सांगितला तो, यांच्यात अंतर किती आणि वर कोण, खाली कोण, एवढं पाहावं. विनोदात खरी माहिती असते ती त्या अंतराची.

भाषांमध्ये हे अंतर चक्क गोठून राहिलेलं दिसतं. यजमानाला न सांगता समारंभातून सटकणं याला इंग्रजीत 'फ्रेंच रजा' म्हणायची पद्धत आहे. फ्रेंचमध्ये त्यालाच 'इंग्रजांसारखं निसटणं' म्हणतात. इटालियन, पोलिश आणि रशियन भाषांनी या भांडणात फ्रेंचांची बाजू घेतली, स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांनी इंग्रजांची. उपदंश युरोपात पसरला तेव्हा इटलीत तो 'फ्रेंच रोग' झाला, फ्रान्समध्ये 'नेपल्सचा रोग', पोलंडमध्ये 'जर्मन रोग' आणि रशियात 'पोलिश रोग'. रोग जिकडून आला असं वाटलं, त्या शेजाऱ्याचं नाव प्रत्येकाने त्याला चिकटवलं. आपल्याकडे सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात तो 'फिरंग रोग' म्हणून आला, म्हणजे साखळी थेट इथपर्यंत पोहोचली. खाण्याचं बिल ज्याचं त्याने भरणं हे इंग्रजीत 'डच', तुर्कीत 'जर्मन पद्धत' आणि इटालियनमध्ये 'रोमन पद्धत'. मराठीने कुणालाही मध्ये न ओढता 'तुझं तू माझं मी' म्हणून विषय मिटवला, याचं थोडं कौतुक करायला हरकत नाही. इंग्रजीतली 'डच' शब्दाची बरीचशी कुत्सित वळणं सतराव्या शतकातल्या वैराशी जोडली जातात. १६५२ ते १६७४ या काळात इंग्लंड आणि हॉलंड तीनदा लढले. दारू पिऊन आलेल्या उसन्या धैर्याला आजही 'डच धैर्य' म्हणतात. वैर केव्हाच संपलं, शब्द मात्र निवृत्त झाला नाही.

'स्टिरिओटाइप' हा शब्दच मुळात छापखान्यातला आहे. अक्षरांचे खिळे जुळवून तयार केलेल्या पानाचा ठसा घ्यायचा, त्यात धातू ओतून अखंड पत्रा करायचा आणि त्यावरून हव्या तितक्या प्रती काढायच्या. खिळे मोकळे होतात, खर्च वाचतो. तोटा एकच: ओतलेल्या पत्र्यातलं एखादं अक्षर सहज बदलता येत नाही. अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली माणसांबद्दलच्या साचेबंद समजुतींना हा शब्द लावला. काढायला स्वस्त, सुधारायला अवघड, हे वर्णन तिथेही तंतोतंत बसतं.

अशा पत्र्याचा सर्वांत मजेदार जुना नमुना ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतातला आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं एक तैलचित्र, 'फोल्करटाफेल' म्हणजे लोकांचा तक्ता. वर दहा उभे पुरुष: स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, जर्मन, इंग्रज, स्वीडिश, पोलिश, हंगेरियन, मस्कोव्हाइट म्हणजे रशियन आणि शेवटी 'तुर्क किंवा ग्रीक' असा एकच गृहस्थ. खाली सतरा ओळींचं कोष्टक. स्वभाव, बुद्धी, आवडी, रोग, देवभक्ती, सगळं भरून दिलेलं. एका ओळीत प्रत्येकाला प्राणी वाटले आहेत: स्पॅनिश हत्ती, फ्रेंच कोल्हा, इंग्रज घोडा, स्वीडिश बैल, पोलिश अस्वल, रशियन गाढव, तुर्क मांजर. जर्मनाच्या वाट्याला सिंह. चित्रकार कोणती भाषा बोलत होता हे आता वेगळं सांगायला नको. शेवटच्या ओळीत प्रत्येकाचा मृत्यू कुठे होतो तेही आहे: स्पॅनिश माणूस अंथरुणात, फ्रेंच युद्धात, इंग्रज पाण्यात, रशियन बर्फात. आणि जर्मन? दारूत. स्वतःला सिंह म्हणणाऱ्याने निदान एका रकान्यात तरी खरं बोलायचं ठरवलेलं दिसतं. या तक्त्याचा खरा उपयोग असा की तो स्वतःची थट्टा कुठे करावी हे दाखवतो. नऊ जणांना गाढव-मांजर केल्यावर दहाव्यालाही एक रकाना द्यावा लागतो, नाहीतर वाचणारा चिडतो.

'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' हे सर्वेक्षणातही उतरतं. प्यू या संशोधन संस्थेने २०१३ साली युरोपातल्या आठ देशांना विचारलं की सर्वांत विश्वासू कोण, सर्वांत उद्धट कोण, सर्वांत कमी उद्धट कोण. विश्वासू म्हणून बहुतेकांनी जर्मनांचं नाव घेतलं, ग्रीकांनी स्वतःचं. पोलंडमधून सर्वांत विश्वासू म्हणूनही जर्मन आले आणि सर्वांत अविश्वासू म्हणूनही जर्मनच. इटालियनांनी अविश्वासूंमध्ये स्वतःलाच पहिला नंबर दिला. आणि फ्रेंचांनी सर्वांत उद्धट कोण याचं उत्तर 'फ्रेंच' असं दिलं, सर्वांत कमी उद्धट कोण याचंही 'फ्रेंच'. विनोद लिहिणाऱ्याला यावर आणखी काही करायची गरजच पडत नाही.

आता तथ्य किती? स्वभावाबद्दल बोलायचं तर फारच थोडं. २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात ४९ संस्कृतींचा अभ्यास आला. सुमारे ४,००० लोकांना आपल्या देशाचा नमुनेदार माणूस कसा असतो ते विचारलं गेलं आणि ती उत्तरं त्या त्या देशातल्या प्रत्यक्ष माणसांच्या व्यक्तिमत्त्व चाचण्यांशी ताडून पाहिली. दोन्हींचा मेळ बसला नाही. लक्षात घ्या, हे लोक दुसऱ्या देशाबद्दल नाही, स्वतःच्या देशाबद्दल चुकत होते.

वागण्याच्या सवयी मात्र मोजता येतात आणि तिथे काही साचे टिकतात, काही कोसळतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लिव्हाइन यांनी ३१ देशांत जीवनाचा वेग मोजला, तोही साध्या तीन मापांनी: पादचारी ६० फूट किती सेकंदांत चालतो, टपाल कचेरीत एक तिकीट विकायला किती वेळ लागतो आणि बँकेतली घड्याळं किती अचूक असतात. एकूण वेगात स्वित्झर्लंड पहिला आला, घड्याळांतही तोच. इथवर साचा खूश. पण दुसरा नंबर आयर्लंडचा होता आणि इटली पाचवी, इंग्लंडच्या पुढे. मेक्सिको शेवटचा. मात्र यावरून कुणी 'आळशी मेक्सिकन' म्हणायला निघालं तर त्याला ओईसीडी या देशोदेशीच्या आर्थिक सहकार्य संघटनेची कामाच्या तासांची आकडेवारी दाखवावी. मेक्सिकोतला कामगार वर्षाला २,१०० तासांहून अधिक काम करतो, जर्मनीतला १,४०० पेक्षाही कमी. जर्मन माणूस कमी तासांत अधिक उत्पादन काढतो हे खरं. पण तो यंत्रांचा आणि भांडवलाचा हिशेब आहे. सावलीत टोपी तोंडावर ओढून झोपलेल्या मेक्सिकनाच्या चित्राशी त्याचा संबंध नाही.

आणि साचा बदलतो तेव्हा पूर्ण उलटा होतो. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात जर्मन अभियंता फ्रान्झ रोलो याने आपल्याच देशाच्या मालाला 'स्वस्त आणि टाकाऊ' म्हटलं होतं. १८८७ साली ब्रिटनने कायदा केला की परदेशी मालावर मूळ देशाचं नाव हवं. हेतू असा की 'मेड इन जर्मनी' वाचून गिऱ्हाइकाने सावध व्हावं. पुढच्या काही दशकांत त्या इशाऱ्याची हमी झाली. त्या काळात जर्मन लोकांची मनं बदलली नव्हती, कारखाने बदलले होते.

खरं तथ्य बहुधा स्वभावात नसून बोलण्याच्या रीतीत असतं, आणि तिथे गैरसमज झाला तर तो हसण्यावारी जात नाही. इंग्रजांची कमी करून सांगायची सवय हा विनोदाचा नेहमीचा विषय. एप्रिल १९५१, कोरिया, इमजिन नदी. ब्रिटिश ब्रिगेडियर ब्रॉडी यांची तुकडी चिनी फौजांनी जवळजवळ घेरली होती. त्यांनी वरच्या अमेरिकन सेनापतीला परिस्थिती 'जराशी चिकट' झाल्याचं कळवलं. इंग्रजी कानाला याचा अर्थ 'आम्ही संपत आलोय'. अमेरिकन कानाला तो 'अवघड आहे, पण जमेल' असा लागला. ग्लॉस्टरशर रेजिमेंटच्या बटालियनला वेळेत मागे घेतलं गेलं नाही आणि पाचशेच्या वर सैनिक कैद झाले. म्हणून मिश्र चमूत काम करणाऱ्यांना सल्ला एवढाच: इंग्रज 'थोडी अडचण आहे' म्हणाला की लगेच आकडा विचारावा. किती दिवस उशीर, किती रक्कम, कोणतं काम अडलंय. 'थोडी' या शब्दाचं भाषांतर करत बसू नये.

आता प्रत्यक्ष विनोद रचण्याकडे वळू. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे गुण सांगणं. 'जर्मन फार नियम पाळतात' यावर कुणी हसत नाही, कारण ते फक्त मत आहे. रात्रीचे दोन वाजलेत, रस्ता दोन्ही बाजूंनी किलोमीटरभर मोकळा आहे आणि एक जर्मन पादचारी लाल दिव्यापाशी उभा आहे, हे दृश्य आहे. त्यात आणखी नेमकेपणा आणता येतो. लाल दिवा न जुमानता रस्ता ओलांडला तर तिथे साधारण ५ युरो दंड असतो, म्हणजे दंडाची भीती हे कारणच नाही. शिवाय काही चौकांत पाटी असते: हिरवा असतानाच चाला, मुलांसमोर आदर्श ठेवा. रात्री दोन वाजता कुठल्या मुलांसमोर, हा प्रश्न श्रोत्याने स्वतःच विचारला की विनोद झाला. आपण विचारायचा नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. बुडत्या बोटीचा विनोद बहुतेकांनी ऐकला असेल. कप्तानाला सगळ्या प्रवाशांना पाण्यात उड्या मारायला लावायचं आहे. इंग्रजाला तो म्हणतो, 'खरे सभ्य गृहस्थ उडी मारतात.' अमेरिकनाला, 'उडी मारलीत तर हीरो व्हाल.' जर्मनाला, 'तसा नियम आहे.' इटालियनाला, 'उडी मारायला सक्त बंदी आहे.' आणि जपानी माणसाला, 'सगळ्यांनी मारली.' हा विनोद टिकाऊ का आहे ते सुटे भाग काढून पाहण्यासारखं आहे. 'नियम' आणि 'बंदी' शेजारी-शेजारी हव्यात. मध्ये दुसरा देश घातला की आरसा फुटतो. जपानी शेवटीच हवा, कारण त्याचं वाक्य तोवर अक्षरशः खरं झालेलं असतं, बाकी सगळे खरोखरच पाण्यात आहेत. त्याला पहिल्या नंबरावर ठेवून पाहा, वाक्य मरतं. प्रत्येक उत्तर फार तर पाच शब्दांचं. देश पाच; चार चालतील, सातव्या देशाला लोक घड्याळ बघू लागतात. आणि महत्त्वाचं म्हणजे यात मूर्ख कुणीच नाही. सगळे उडी मारतात, सगळ्यांची कळ कप्तानाला ठाऊक आहे. त्यामुळे पाचही देशांचे लोक एका खोलीत असले तरी तो सांगता येतो.

त्यात आपला देश घालायचा असेल तर जपान्यानंतर घालावा आणि साखळी तोडावी: आपल्या माणसावर कप्तानाची कळ चालतच नाही, उलट तोच कप्तानाला काहीतरी सांगतो. आधीची उदाहरणं साखळी तयार करतात, शेवटचं ती तोडतं. इंग्रज, आयरिश आणि स्कॉट या तिघांच्या विनोदातही दोघं साखळी जोडतात आणि तिसरा ती तोडतो. साखळीला किमान दोन लागतात, म्हणून तीन हा सर्वांत लहान आकडा.

हत्तीचा जुना विनोद याच तत्त्वावर आहे. हत्तीवर पुस्तक लिहायचं आहे. इंग्रज शिकारीवर लिहितो, फ्रेंच हत्तीच्या प्रेमजीवनावर, जर्मन अनेक खंडांची प्रस्तावना, आणि पोलिश माणूस 'हत्ती आणि पोलंडचा प्रश्न'. हा विनोद पोलिश लोकांनीच इतका वापरला की शेवटचे शब्द त्यांच्या भाषेत म्हणीसारखे झाले. कुठल्याही विषयात आपलं रडगाणं घुसवणाऱ्याला तो टोमणा मारतात. फिनलंडचे लोकही असंच करतात: अंतर्मुख फिनिश माणूस बोलताना स्वतःच्या बुटांकडे बघतो, बहिर्मुख असेल तर तुमच्या बुटांकडे. मिश्र श्रोत्यांसाठी सामान गोळा करायचं असेल तर हाच पहिला झरा. त्या देशाचे लोक स्वतःबद्दल काय सांगतात ते आधी शोधावं, शेजारी काय म्हणतो ते नंतर.

स्वर्ग-नरकाचा विनोद आता इतका झिजला आहे की तो सांगू नये, पण त्याचा सांगाडा घ्यावा. स्वर्गात स्वयंपाकी फ्रेंच, मेकॅनिक जर्मन, पोलीस ब्रिटिश, प्रेमिक इटालियन आणि व्यवस्था स्विस. नरकात स्वयंपाकी ब्रिटिश, मेकॅनिक फ्रेंच, पोलीस जर्मन, प्रेमिक स्विस आणि व्यवस्था इटालियन. प्रत्येकाला एक हार, एक चिमटा. हिशेब चुकता, म्हणून कुणी तक्रार करत नाही. वेळ वाचवायला स्वर्ग गाळून फक्त नरक सांगितला तर हातात पाच अपमान उरतात.

आता विनोद कुठे फसतो ते. २०११ साली बीबीसीच्या मोटारींवरच्या एका कार्यक्रमात मेक्सिकन गाडीच्या निमित्ताने मेक्सिकन लोकांना आळशी म्हटलं गेलं, आणि त्यांचा राजदूत तक्रार करणार नाही, कारण तो झोपलेला असेल, असंही. राजदूत जागे होते. लेखी तक्रार आली, बीबीसीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. बचाव असा होता की राष्ट्रांवरच्या कोपरखळ्या ब्रिटिश विनोदाचा भागच आहेत. फ्रेंच, जर्मन, इटालियन यांच्यावरही होतात. हा बचाव नेमका कुठे लंगडा पडतो ते समजून घेण्यासारखं आहे. ब्रिटिश प्रेक्षकाला फ्रान्सबद्दल शंभर गोष्टी माहीत असतात. त्यात 'उद्धट' ही एक भर पडली तर चित्र बिघडत नाही. मेक्सिकोबद्दल त्याला दोन-तीनच गोष्टी माहीत असतील, तर विनोदातली गोष्टच त्याच्यासाठी मेक्सिको होऊन बसते. म्हणून एक चाचणी नेहमी लावावी: समोरच्यांना त्या देशाबद्दल विनोदातली गोष्ट सोडून आणखी किमान पाच गोष्टी सहज सांगता येतील का? नसतील तर तो विनोद बाजूला ठेवावा, कितीही चांगला असला तरी.

दुसरी चाचणी तांब्याच्या तारेची. देशाचं नाव बदलूनही विनोद जसाच्या तसा चालत असेल तर तो त्या देशाबद्दल नाहीच, फक्त खुर्चीबद्दल आहे, आणि खुर्चीत कुणाला तरी कोंबल्याचा राग येतो. लाल दिव्याचा विनोद नाव बदलून चालत नाही. म्हणून जर्मन लोकही त्यावर हसतात.

२००९ च्या जानेवारीत ब्रुसेल्समध्ये, युरोपीय संघाचं अध्यक्षपद चेक प्रजासत्ताकाकडे असताना, शिल्पकार दाविद चेर्नी यांचं 'एन्ट्रोपा' लागलं. २७ देशांची २७ ठोकळेबाज रूपं. फ्रान्सवर 'संप!' असा फलक, स्वीडन सपाट खोक्यात बंद केलेल्या फर्निचरसारखा, डेन्मार्क लेगोचा, रोमानिया ड्रॅक्युलाच्या नावाचं करमणूक उद्यान, नेदरलँड्स पाण्याखाली आणि वर फक्त मिनार, ब्रिटनची जागा रिकामी. बल्गेरिया उकिडवं बसायच्या संडासांचा. बल्गेरियाने निषेध नोंदवला आणि तो भाग काळ्या कापडाने झाकावा लागला. फ्रान्सने काही म्हटलं नाही. फरक वर-खालीचा आहे. संपाचा फलक फ्रेंच माणसाला थोडासा अभिमानाचाही वाटू शकतो. संडासात अभिमान शोधायला जागाच नाही, आणि संघात दोनच वर्षांपूर्वी आलेल्या, श्रीमंत सदस्यांच्या नजरेत आपण कसे दिसतो याची धाकधूक असलेल्या देशावर तो आदळला. भर म्हणजे प्रत्येक देशाचा भाग त्याच देशाच्या कलाकाराने केल्याचं आधी सांगितलं होतं आणि ते खोटं निघालं. सगळं चेर्नी आणि त्यांच्या साथीदारांचंच काम होतं. स्वतःवरची थट्टा म्हणून जे खपलं असतं ते शेजाऱ्याने केल्याचं कळल्यावर खपेना.

दुष्काळ, नरसंहार, महायुद्ध, धर्म हे विषय सोडायचे, त्यात हुशारी दाखवायची नाही. हेल काढून नक्कल करायची नाही. उच्चारांची नक्कल हा विनोद नसतो, ती ओळख पटवून द्यायची खटपट असते, आणि मिश्र श्रोत्यांत सर्वांत आधी तीच खुपते. स्वतःच्या देशावर दोन, मग दुसऱ्यावर एक, हे प्रमाण साधारण पुरतं. विनोद पडला तर समजावून सांगू नये. 'गंमत केली हो' म्हटल्याने दुखावलेल्यावर उलट हसता न येण्याचा आरोप होतो. 'हे नको होतं, माफ करा' एवढं म्हणून पुढच्या मुद्द्याला जावं.

अशा विनोदांनी द्वेष वाढतो का, यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत. डेव्हिस यांचं म्हणणं विनोद हा तापमापक आहे, तो तापमान दाखवतो, वाढवत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टॉमस फोर्ड यांच्या प्रयोगांतून दुसरी बाजू पुढे आली: ज्याच्या मनात आधीच आकस आहे त्याला असा विनोद ऐकल्यावर भेदभाव चालवून घ्यायला मोकळीक मिळते. ज्याच्या मनात आकस नाही त्याच्यावर तसा परिणाम दिसत नाही. व्यवहारात दुसरं मत धरून चालावं, कारण सभागृहात कोण कुठल्या मनाने बसलंय हे सांगणाऱ्याला दिसत नाही.

भाषांतर करणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण असते. फ्रेंच मजकुरातला बेल्जियन माणूस मराठीत आला की वाचकाला तो नुसता परदेशी वाटतो, मठ्ठपणाची पाटी दिसत नाही. पाटी दाखवायला तिथे आपल्याकडची एखादी जात-जमात किंवा प्रांत बसवायचा मोह होतो. तो आवरावा, मूळ विनोद खेळकर असला तरी इथे येऊन तो बोचरा होण्याची शक्यता फार. त्यापेक्षा आदल्या वाक्यात 'फ्रेंचांच्या विनोदात बावळट नेहमी बेल्जियनच असतो' असं अर्धं वाक्य घालावं. हशा थोडा कमी येतो, पण कळतं.

आणि विनोद आपल्यावर झाला तर? गाब्रोवोने काय केलं ते पाहावं. बल्गेरियात त्या गावाची इतकी थट्टा व्हायची की तिथले लोक म्हणे मांजरांच्या शेपट्या कापतात: मांजर आत आल्यावर दार लवकर लावता येतं आणि घरातली ऊब वाचते. गावाने १ एप्रिल १९७२ रोजी विनोद आणि व्यंगाचं संग्रहालय उघडलं आणि शेपूट तुटलेलं मांजर आपलं चिन्ह म्हणून मिरवायला सुरुवात केली. समोरून चिक्कूपणावर चिमटा आला की नाराजी दाखवण्याऐवजी मांजराचा किस्सा आपणच पुढे न्यायचा. त्यानंतर त्या खुर्चीत आपल्याला बसवण्यात समोरच्याला फारशी मजा उरत नाही.